तीन आठवड्यांची सायकल शर्यत कशी पाहावी : नकाशा, घड्याळ आणि एक वही

अनेक टप्प्यांची सायकल शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याचा गोंधळ बहुधा एकाच जागी होतो. एक सायकलपटू दोन्ही हात वर करून अंतिम रेषा ओलांडतो, गर्दी जल्लोष करते, आणि थोड्या वेळाने एकूण आघाडीची पिवळी जर्सी मात्र भलत्याच माणसाच्या अंगावर चढवली जाते, जो त्या दिवशी कदाचित चाळिसावा आलेला असतो. मी पहिल्यांदा टूर द फ्रान्स पाहिली तेव्हा निकाल जाहीर करणाऱ्यांचीच काहीतरी गफलत झाली असावी, असे मला खरोखर वाटले होते. गफलत अर्थातच माझी होती. त्या दिवशी रस्त्यावर निदान चार-पाच वेगवेगळ्या शर्यती एकमेकींत मिसळून चालल्या होत्या आणि मी त्यांतली एकच पाहत होतो.

ही शर्यत समजण्यासाठी सायकलिंगचे शास्त्र आधी शिकावे लागत नाही. पडद्यावर जो कोणी दिसतो आहे त्याला आज नेमके काय मिळवायचे आहे, हा एक प्रश्न धरून बसले की नियम, डावपेच आणि नावे त्या प्रश्नामागोमाग येत जातात. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : शर्यत निवडा

तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यती तीनच आहेत. इटलीची जिरो दितालिया मे महिन्यात, फ्रान्सची टूर द फ्रान्स प्रामुख्याने जुलैत आणि स्पेनची व्हुएल्ता आ एस्पान्या ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत होते. टूर १९०३ साली सुरू झाली, जिरो १९०९ साली आणि व्हुएल्ता १९३५ साली. प्रत्येकीत २१ टप्पे असतात आणि मध्ये बहुधा दोन दिवस विश्रांतीचे असतात, जरी त्या दिवशीही सायकलपटू पाय आखडू नयेत म्हणून तास-दोन तास सायकल चालवतातच.

नवख्याने टूरपासून सुरुवात करावी असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे, कारण बहुतेक संघ आपले सर्वांत तगडे गडी तिथेच उतरवतात आणि तिचे प्रक्षेपण सर्वांत सविस्तर असते. तरीही तीन आठवडे रोज वेळ काढणे ज्यांना अवघड वाटते त्यांनी आधी एखादी छोटी शर्यत पाहून हात बसवावा. मार्चमधली पॅरिस-नीस आठ दिवसांत संपते. महिलांची टूर द फ्रान्स सध्याच्या स्वरूपात २०२२ पासून भरते आणि तिचे टप्पे आठ-नऊच असतात, त्यामुळे मोठ्या शर्यतीचे सगळे घटक तिथे आटोपशीरपणे भेटतात. माझ्या मते शिकण्यासाठी याहून चांगली शर्यत नाही. मात्र कोणतीही निवडली तरी ती पहिल्या दिवसापासून पाहावी, कारण मधूनच उडी घेणाऱ्याला अंक दिसतात, पण ते कसे साठले हे कळत नाही.

दुसरी पायरी : मार्ग आधी वाचा

टूरचा मार्ग आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो आणि प्रत्येक टप्प्याचा नकाशा व उंचीचा आलेख शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. शर्यत सुरू होण्याआधी एक संध्याकाळ हे आलेख पाहण्यात घालवावी आणि प्रत्येक टप्प्यापुढे एक अक्षर लिहावे : सपाट असेल तर ‘स’, टेकड्यांचा असेल तर ‘ट’, मोठ्या घाटांचा असेल तर ‘घ’ आणि एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायची टाइम ट्रायल असेल तर ‘व’, म्हणजे वेळ. या चार अक्षरांवरून तीन आठवड्यांत कोणाचा दिवस कोणता, हे बरेचसे कळते.

घाटांना वर्ग दिलेले असतात. चौथा वर्ग सर्वांत सोपा, पहिला अवघड, आणि त्याच्याही पलीकडे ‘वर्गाबाहेरचे’ घाट असतात. चढाची टक्केवारी वाचायची पद्धत सरळ आहे : ८ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ८ मीटर वर. आल्प्समधला आल्प द्युएझ सुमारे १३.८ किलोमीटर लांब, सरासरी ८.१ टक्के आणि २१ वळणांचा आहे. पिरेनीज पर्वतातला कोल द्यु तूरमाले २,११५ मीटरांवर जातो आणि टूरमध्ये तो १९१० पासून आहे. जिरोतला स्तेल्व्हिओ २,७५८ मीटर उंच आहे. स्पेनमधल्या आंगलिरू या चढावर काही ठिकाणी चढ २३ टक्क्यांच्याही वर जातो आणि तिथे जगातले उत्तम सायकलपटू चालणाऱ्या माणसापेक्षा फार वेगाने जाताना दिसत नाहीत.

तरीही घाट किती मोठा आहे यापेक्षा तो टप्प्यात कुठे आहे हे अधिक महत्त्वाचे असते. तूरमालेसारखा घाट अंतिम रेषेच्या ८० किलोमीटर आधी आला तर तिथे मागे पडलेल्यांना भरपाई करायला पुष्कळ रस्ता उरतो. तोच शेवटी आला तर जे घडले ते तिथेच गोठते. त्यामुळे आलेख उजवीकडून डावीकडे वाचण्याची सवय लावावी.

तिसरी पायरी : घड्याळाचा हिशेब समजून घ्या

अंतिम विजेता ज्या सर्वसाधारण क्रमवारीवर ठरतो ती निव्वळ बेरजेची गोष्ट आहे. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मिळवत जायचा, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी भरेल तो विजेता. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते. ख्रिस फ्रूमने २०१७ ची टूर तशीच जिंकली. उलट पाच टप्पे जिंकणारा वेगवान गडी एकूण क्रमवारीत शंभरच्या खाली असू शकतो आणि त्याला त्याची खंतही नसते, कारण तो त्या शर्यतीत नसतोच.

या बेरजेचे तीन-चार बारकावे माहीत नसतील तर पडद्यावरचे अंक चुकीचे वाटू लागतात. एकत्र आलेल्या गटातल्या सगळ्यांना एकच वेळ मिळते, मग कोणी गटाच्या तोंडाशी असो की शेपटीशी. म्हणूनच दीडशे जण पाठोपाठ आले तरी क्रमवारी जागची हलत नाही. टाइम ट्रायल सोडून इतर टप्प्यांत पहिल्या तिघांना अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते. सपाट टप्प्याच्या शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये कोणी पडला किंवा चाक पंक्चर झाले, तर तो ज्या गटात होता त्या गटाची वेळ त्याला दिली जाते. काही टप्प्यांत आयोजक हे अंतर वाढवतात, आणि घाटमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्याला ही सवलत लागू होत नाही.

हा ३ किलोमीटरचा नियम कागदावर किरकोळ वाटतो. २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये पिवळ्या जर्सीतली डेमी व्होलरिंग पाचव्या टप्प्यात सुमारे ६ किलोमीटर उरलेले असताना पडली, म्हणजे सवलतीच्या हद्दीबाहेर, आणि तिचे पावणेदोन मिनिटांच्या वर नुकसान झाले. शेवटच्या दिवशी तिने आल्प द्युएझवरचा टप्पा जिंकून जवळजवळ सगळे अंतर भरून काढले, तरी पोलंडची काशा न्येव्यादोमा ४ सेकंदांनी विजेती ठरली. पाचव्या दिवशी ज्याने घड्याळाकडे लक्ष दिले नव्हते त्याला आठव्या दिवसाची ती चढण अर्धीच कळली असणार.

सेकंदांची किंमत दाखवणारे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८९ च्या टूरचे आहे. शेवटचा टप्पा व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलचा होता आणि फ्रान्सचा लॉराँ फिन्याँ एकूण वेळेत ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हँडलला पुढे जोडलेल्या दांड्यांवर कोपरे टेकवून, डोक्यावर वारा कापणारे शिरस्त्राण घालून, पाठ जमिनीला समांतर ठेवून निघाला. फिन्याँ नेहमीच्या हँडलवर, उघड्या डोक्याने, मागे पोनीटेल उडत असलेला. लेमाँड आधी सुटला असल्यामुळे आधी पोचला, आणि मग त्याला करण्यासारखे काहीच उरले नाही. सायकलवरून उतरून त्याला घड्याळाकडे पाहत उभे राहावे लागले. फिन्याँला त्याच्यापेक्षा ५८ सेकंद जास्त लागले. तीन हजारांहून अधिक किलोमीटरनंतर दोघांत ८ सेकंदांचे अंतर उरले, आणि पुरुषांच्या टूरच्या इतिहासात इतक्या कमी फरकाने दुसरी शर्यत सुटलेली नाही.

याच घड्याळाला आणखी एक बाजू आहे. टप्प्याच्या विजेत्याच्या वेळेवर ठरावीक टक्केवारी चढवून कमाल मर्यादा काढली जाते आणि तिच्या बाहेर पोचणाऱ्याला शर्यतीतून बाद केले जाते. त्यामुळे घाटाच्या दिवशी अवजड शरीराचे वेगवान गडी एकत्र जमून, मर्यादेचा हिशेब करत, जपून वर चढतात. या गटाला सायकलवाले ‘ग्रुपेत्तो’ म्हणतात, आणि प्रक्षेपणात तो फारसा दिसत नसला तरी तीन आठवड्यांतली काही अत्यंत चिकाटीची सायकलिंग तिथेच होत असते.

चौथी पायरी : जर्सी ओळखा

टूरमध्ये पिवळी जर्सी एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची, हिरवी अंतिम रेषेवर आणि वाटेत ठरवलेल्या मधल्या स्प्रिंटवर, म्हणजे छोट्या वेगवान चुरशीवर, मिळणाऱ्या गुणांची, पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची घाटमाथ्यांवरच्या गुणांची आणि पांढरी तरुण सायकलपटूंमधल्या आघाडीच्याची. जिरोत आघाडीची जर्सी गुलाबी असते, व्हुएल्तात लाल. पिवळा आणि गुलाबी हे रंग या शर्यती ज्या वृत्तपत्रांनी सुरू केल्या त्यांच्या कागदाचे आहेत, एवढे लक्षात ठेवले की गल्लत होत नाही. एकाच माणसाकडे दोन जर्सी असतील तर तो मानाची अंगात घालतो आणि दुसरी त्या क्रमवारीतल्या पुढच्या माणसाला घालायला मिळते. म्हणून पांढऱ्या जर्सीतला माणूस त्या क्रमवारीत दुसरा असू शकतो. इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी विश्वविजेत्याची.

पाचवी पायरी : एक संघ आणि तीन माणसे धरा

टूरला साधारण बावीस-तेवीस संघ असतात आणि प्रत्येक संघात आठ जण, म्हणजे पावणेदोनशेच्या वर माणसे. सगळ्यांची नावे पाठ करण्याच्या फंदात पडू नये. एकूण विजेतेपदासाठी झगडणारा एक, सपाटीवरचा स्प्रिंटर एक आणि तिसरा एखादा साधा मदतनीस, असे तिघे निवडावेत, आणि शक्य असेल तर तिन्ही वेगवेगळ्या संघांतले. पाठीवरचा क्रमांकही उपयोगी पडतो, कारण संघांना दहा-दहाचे गट दिलेले असतात आणि १ वर संपणारा क्रमांक बहुधा त्या संघाच्या म्होरक्याचा असतो. आदल्या वर्षीचा विजेता उतरला असेल तर तो साधारणपणे १ क्रमांक लावतो.

तिसऱ्या माणसाचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. सायकल शर्यत ही संघाची आहे हे वाक्य सगळेच ऐकवतात, पण ते पटते मदतनिसाकडे पाहिल्यावर. समोरच्याच्या चाकामागे राहिले की वारा तो झेलतो आणि मागच्याचे कष्ट साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. मोठ्या जथ्याच्या पोटात तर कष्ट त्याहूनही कमी पडतात. या जथ्याला ‘पेलोटॉन’ म्हणतात. मग म्होरक्याचे पाय शेवटच्या घाटासाठी राखायचे असतील, तर दिवसभर त्याच्या पुढे वारा खाणारे कोणीतरी हवे. त्या माणसाला ‘डोमेस्टिक’ म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ घरगडी असा आहे.

उन्हाच्या दिवशी त्याच्याकडे नुसते पाच मिनिटे पाहावे. तो जथ्यातून हळूहळू मागे सरकतो, संघाच्या मोटारीशेजारी येतो, खिडकीतून मिळणाऱ्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून जर्सीच्या पाठीत, मानेकडून आत, खिशांत कोंबतो, आणि पाठीवर कुबड आल्यासारखा होऊन पुन्हा दीडशे माणसांना ओलांडत पुढे जातो. प्रत्येक सहकाऱ्याला बाटली दिली की कुबड थोडे कमी होते. हे सगळे जथा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावत असताना चालते, आणि निकालपत्रात याची नोंद कुठेही नसते.

जुन्या विजेत्यांच्या यादीत डोकावताना १९९९ ते २००५ ही सात वर्षे रिकामी दिसतील. लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात २०१२ मध्ये काढून घेण्यात आली आणि ती दुसऱ्या कोणाला दिली गेली नाहीत. या खेळाच्या चाहत्याने तो इतिहास टाळू नये, आणि त्यामुळे आजच्या प्रत्येक चांगल्या कामगिरीकडे संशयानेच पाहावे असेही नाही.

सहावी पायरी : रोज काय आणि केव्हा पाहायचे ते ठरवा

टप्पा चार ते पाच तास चालतो आणि तो सगळा पाहणे कोणालाच बंधनकारक नाही. ‘स’ लिहिलेल्या दिवशी शेवटचा एक तास पुरतो. ‘घ’ लिहिलेल्या दिवशी शेवटचे दोन-अडीच तास पाहावेत. ‘ट’ लिहिलेला दिवस मात्र फसवा असतो. तिथे पहिला तास पाहून मध्ये खुशाल उठून जावे आणि शेवटच्या तासाला परत यावे, कारण पुढे पळून जाणाऱ्या गटात कोण कोण शिरले हे सुरुवातीलाच ठरते आणि बऱ्याचदा विजेता त्याच गटातून येतो. थेट पाहणे जमणार नसेल तर टप्पा संपल्यापासून चित्रमुद्रित प्रक्षेपण पाहीपर्यंत फोनवरच्या सूचना बंद ठेवाव्यात.

पडद्याच्या कोपऱ्यात उरलेले किलोमीटर आणि गटांमधले अंतर दिसते. मोटारसायकलवरून एक माणूस हेच अंतर फळ्यावर लिहून सायकलपटूंनाही दाखवत जातो. पुढे पळालेल्यांना पाठलाग करणारा जथा गाठणार की नाही, यासाठी एक जुना ठोकताळा आहे. सायकलपटू असलेले आणि पुढे फ्रेंच दूरचित्रवाणीवर समालोचन करणारे रोबेर शापात यांच्या नावाने तो ओळखला जातो : सपाटीवर पुढे एकट्याने असलेल्या सायकलपटूला तग धरायचा असेल तर अंतिम रेषेच्या १० किलोमीटर आधी त्याच्याकडे निदान एका मिनिटाची आघाडी हवी. जथा मनापासून ओढू लागला की दर १० किलोमीटरला सुमारे एक मिनिट कापतो. चढावर, पावसात किंवा पाठलाग करणाऱ्या संघांत एकमत नसताना हा ठोकताळा कोलमडतो, आणि तो कोलमडतो तेच दिवस पाहायला सर्वांत मजेचे असतात.

सपाट दिवशी एक शत्रू आलेखात दिसत नाही, तो म्हणजे आडवा वारा. समोरून वारा असला तर एकामागे एक राहून आडोसा मिळतो, पण वारा डावीकडून आला तर आडोसा मागे नव्हे, तर मागे-उजवीकडे मिळतो. मग सायकलपटू तिरक्या रांगेत लागतात, आणि रस्त्याच्या रुंदीत अशी दहा-पंधरा माणसेच मावतात. सोळाव्याला आडोसा नाही. तो रस्त्याच्या कडेवर, गवताला चाक घासत, एकटा वारा खात राहतो, त्याच्यापुढे एक सायकलभर जागा सुटते, मग दोन, आणि पाहता पाहता जथ्याचे तुकडे पडतात. शेतातले झेंडे आणि झाडांचे शेंडे एकाच बाजूला कललेले दिसले आणि एखादा संघ अचानक आठच्या आठ जणांसह पुढे आला, की हातातले काम बाजूला ठेवावे. २०१९ च्या टूरमध्ये आल्बी इथे संपलेल्या दहाव्या टप्प्यात असेच झाले आणि एकूण क्रमवारीत तिसरा असलेला फ्रान्सचा तिबो पिनो एका साध्या सपाट दुपारी १ मिनिट ४० सेकंद गमावून बसला.

घाटात कॅमेरा सहसा सर्वांत पुढच्याला धरतो. आपण मात्र पिवळ्या जर्सीच्या पुढे अजून किती सहकारी उरले आहेत ते मोजावे. तीन असतील तर म्होरका निवांत आहे. एकही नसेल तर आता तो आणि घाट. खांदे डोलू लागलेला, सारखा मागे वळून पाहणारा, समोरच्याच्या चाकापासून हातभर जागा सुटू देणारा सायकलपटू पुढच्या वळणापर्यंत बहुतेक तुटतो. हल्ला होण्याआधीच्या या खुणा दोन-तीन घाट पाहिले की डोळ्यांना सवयीच्या होतात.

सातवी पायरी : वही ठेवा

सगळे आकडे फोनवर मिळत असताना वही कशाला, असे कोणीही विचारेल. पण फोनवर आजची क्रमवारी दिसते, आणि शर्यत तर कालच्या आणि आजच्या क्रमवारीतल्या फरकात असते. रोज पाचच ओळी लिहाव्यात : टप्प्याचे अक्षर, विजेता, एकूण वेळेत पहिल्या पाच जणांतली अंतरे, आपल्या तिघांचे काय झाले, आणि उद्या कोणाला धडपडण्याचे कारण आहे. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि ती चुकली तर आणखी उत्तम, कारण का चुकली ते शोधताना पुष्कळ शिकायला मिळते.

पिनोचेच पान पाहा. दहाव्या टप्प्यापुढे ‘१ मिनिट ४० गेले’. चौदाव्यापुढे, तूरमालेच्या माथ्यावर, ‘टप्पा जिंकला’. एकोणिसाव्यापुढे ‘मांडीची दुखापत, शर्यत सोडली’. त्याच दिवशी गारांमुळे आणि रस्त्यावर आलेल्या दरडीमुळे टप्पा मध्येच थांबवावा लागला, इझरां घाटाच्या माथ्यावरच्या वेळा ग्राह्य धरल्या गेल्या आणि पिवळी जर्सी कोलंबियाच्या एगान बेर्नालकडे गेली, ती पॅरिसपर्यंत त्याच्याकडेच राहिली. या नोंदी एकाखाली एक असल्या की आल्बीचा तो वारा किती महागात पडला हे वेगळे सांगावे लागत नाही.

टाइम ट्रायलच्या आदल्या रात्री तर वही हवीच. २०२० च्या टूरमध्ये विसाव्या टप्प्याआधी स्लोव्हेनियाचा प्रिमोझ रोग्लिच त्याच देशाच्या तादेय पोगाचारच्या ५७ सेकंद पुढे होता. दुसऱ्या दिवशी ३६ किलोमीटरच्या टाइम ट्रायलनंतर, जिचा शेवट प्लांश दे बेल फीय या चढावर होता, पोगाचार ५९ सेकंद पुढे गेला. अशा दिवशी सायकलपटू क्रमवारीच्या उलट्या क्रमाने सुटतात, म्हणजे आघाडीचा सर्वांत शेवटी, आणि वाटेत वेळ मोजण्याची ठिकाणे असतात. आदल्या रात्रीचे अंतर वहीत असेल तर प्रत्येक ठिकाणी साध्या वजाबाकीने जर्सी या क्षणी कोणाच्या अंगावर आहे ते कळते, समालोचकाने सांगण्याची वाट पाहावी लागत नाही.

आठवी पायरी : कधीतरी रस्त्याच्या कडेला उभे राहा

रस्त्यावरून शर्यत पाहायला तिकीट लागत नाही, पण जागा विचारपूर्वक निवडावी लागते. सपाट रस्त्यावर सगळा जथा मिनिटभरात निघून जातो आणि हाती फक्त चाकांचा सळसळाट राहतो. चढावर वेग कमी असतो आणि जथा फुटलेला असतो, त्यामुळे चेहरे दिसतात आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अर्धा तास सहज जातो. टाइम ट्रायलला एकेक जण दुपारभर येत राहतो. सायकलपटूंना उभे असलेले पाहायचे असेल तर टप्प्याच्या सुरुवातीच्या गावी, निघण्याच्या दीड-दोन तास आधी, संघांच्या बसगाड्यांजवळ जावे.

आयोजक प्रत्येक गावातून शर्यत केव्हा जाईल याचे वेळापत्रक काढतात आणि त्यात मंद, मध्यम आणि वेगवान असे तीन अंदाज दिलेले असतात. वेगवान अंदाज धरून पोचावे. टूरमध्ये सायकलपटूंच्या बरेच आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा छोट्या भेटवस्तू उधळत जातो, आणि रस्ता वाहनांसाठी त्याच्याही आधी बंद होतो. प्रसिद्ध घाटांवर लोक आदल्या दिवशीच मुक्कामाला येतात. पाणी, खाणे, टोपी आणि पावसाळी कोट हे चारही हवेत, कारण उंचावर एका दुपारीत ऊन आणि गारा दोन्ही भेटतात. फोनचे जाळे तिथे हमखास कोलमडते, म्हणून वेळापत्रक कागदावर घ्यावे.

रस्त्यावर पाऊल टाकू नये, हा नियम मात्र कोणताही अपवाद न करता पाळावा. २०२१ च्या टूरच्या पहिल्याच टप्प्यात कॅमेऱ्याकडे तोंड आणि शर्यतीकडे पाठ करून पुठ्ठ्याचा फलक धरलेल्या प्रेक्षकामुळे टोनी मार्टिन पडला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकलपटू कोसळले. सायकलपटूच्या शेजारून धावणे, धुराच्या नळकांड्या पेटवणे आणि सेल्फीसाठी हात लांब करणे हे सगळे त्याच जातीचे आहे. शेवटच्या सायकलपटूमागे एक गाडी येते, जी शर्यत सोडणाऱ्यांना उचलते. ती जाईपर्यंत रस्ता शर्यतीचा असतो.

शेवटच्या सायकलपटूची वाट पाहणाऱ्यांना एक गोष्ट हमखास मिळते. २०२४ च्या टूरच्या पहिल्या दिवशी, फ्लॉरेन्स ते रिमिनी या उष्ण आणि टेकड्यांच्या टप्प्यात, ३९ वर्षांचा ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश मागे पडून उलट्या करत होता आणि सहकारी त्याच्या भोवती राहून त्याला वेळेच्या मर्यादेच्या आत ओढून नेत होते. पाचव्या टप्प्यात, सँ-व्हुल्बास इथे, त्याने टूरमधला आपला ३५ वा टप्पा जिंकला आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मागे टाकला. त्या वर्षी शर्यत पॅरिसऐवजी नीसला संपली. अंतिम यादीत १४१ नावे होती. १४० व्या जागी कॅव्हेंडिश होता, आणि त्याच्या खाली, सर्वांत शेवटी, घाटांमध्ये त्याच्याबरोबर मागे राहिलेला त्याच्याच संघाचा दाविदे बालेरिनी.